प्रकाशीय संदेशवहनातील अतिवेगवान रेषीय ड्रायव्हर परिपथ : एक चिकित्सा

बीजशब्द : रेषीयता, बँडविड्थ, हार्मोनिक विकृती, मॉड्युलेटर, एमिटर-रोध, द्विस्वर चाचणी

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. येथील गुहेत कोंडलेल्या बालकांची पारी कुपार लिंगोंनी मुक्तता केली, अशी कोया पुनेमची धारणा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून लाखो भाविक येथे जमतात. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा हे यात्रेकरूंचे जवळचे रेल्वे स्थानक. एरवी शांत असणाऱ्या या वनप्रदेशात यात्रेच्या दिवसांत असंख्य भ्रमणध्वनी एकाच वेळी बोलू लागतात. मनोऱ्यापर्यंतचा पल्ला बिनतारी असला, तरी दूरच्या प्रवासात हा सारा आवाज आणि ही सारी चित्रे शेवटी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूत शिरतात. विद्युत संकेताचा प्रकाशसंकेत जेथे होतो, त्या उंबरठ्यावर उभा असलेला परिपथ म्हणजे ड्रायव्हर.

या तंतूचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशीय तंतू प्रणाली १९७९ मध्ये पुण्यात कार्यान्वित झाली. पुढे औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर परिसरात, वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइटने तंतू व त्यासाठी लागणारी काच यांचे उत्पादन उभे केले. काच येथे होते, केबल येथे होते, ती पुरण्याचे कामही येथीलच माणसे करतात. तंतूच्या टोकाला बसणाऱ्या अतिवेगवान ड्रायव्हरबाबत असे म्हणता येत नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीची प्रस्थापित प्रक्रिया १८० नॅनोमीटर सीमॉसची आहे. या वेगासाठी लागणाऱ्या सिलिकॉन-जर्मेनियम किंवा इंडियम फॉस्फाइड ट्रान्झिस्टरची वाट तिच्यातून जात नाही. त्यामुळे आपल्याकडे या विषयाचा परिचय होतो तो मुख्यतः परदेशी शोधनिबंधांतून. म्हणूनच त्या निबंधांचे वाचन डोळसपणे होणे अगत्याचे ठरते. ‘अतिवेगवान’ आणि ‘रेषीय’ ही दोन विशेषणे अशा निबंधांच्या शीर्षकांत शेजारी-शेजारी बसतात. मात्र त्यांचे पुरावे बहुधा दोन निरनिराळ्या मोजण्यांतून आलेले असतात. एकाच परिपथाने एकाच वेळी दोन्ही गुण दाखवले, असा त्यांचा अर्थ लावण्याची सवय अध्यापनातही रुजली आहे. प्रस्तुत लेखाचा रोख या सवयीवर आहे.

दोन पातळ्यांकडून चार पातळ्यांकडे

प्रारंभीच्या प्रकाशीय प्रणालींत प्रकाश एकतर असे किंवा नसे. अशा दोन पातळ्यांच्या संकेताला ड्रायव्हर रेषीय असण्याची गरज नव्हती. किंबहुना संकेत दोन्ही टोकांना छाटून चौकोनी करणारा परिपथ अधिक उपयोगी ठरे. आजही ग्रामपंचायतींपर्यंत गेलेल्या भारतनेटच्या जीपॉन जोडण्या, खाली सुमारे २.५ आणि वर सुमारे १.२५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने, दोन पातळ्यांवरच चालतात. गावातल्या पेटीतील लेसर-ड्रायव्हर रेषीय नसतो आणि त्याला तसे असण्याचे कारणही नाही. हे सांगावे लागते, कारण अलीकडे प्रकाशीय जाळ्यातील प्रत्येक सुधारणा गावाच्या दारात आल्यासारखी मांडली जाते. रेषीय ड्रायव्हरचे क्षेत्र त्याच्या मागे आहे : शहरांना जोडणारे लांब पल्ल्याचे मार्ग आणि विदाकेंद्रांच्या आतील जोडण्या.

येथे एका शब्दाचा घोळही लक्षात घ्यावा. भारतनेटच्या पहिल्या टप्प्याची रचना ‘रेषीय’ होती असे म्हणतात, तेव्हा तेथे एकामागून एक जोडलेल्या स्थानांची रांग अभिप्रेत असते. एका जागी केबल तुटली की पुढचे सारे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मान्यता मिळाली आणि त्यात वलयाकार रचना स्वीकारली गेली. ड्रायव्हरच्या संदर्भातील ‘रेषीय’चा या रांगेशी काहीही संबंध नाही. तेथे रेषा आहे ती आदान व प्रदान यांच्या आलेखातील. मराठीत एकच शब्द दोन्हीकडे वापरला जात असल्याने शिक्षकाने हा भेद पहिल्याच तासाला स्पष्ट करावा, हे बरे.

रेषीयतेची गरज निर्माण झाली ती एका चिन्हात अधिक माहिती भरण्याच्या खटाटोपातून. २०१७ मध्ये स्वीकृत झालेल्या ४०० गिगाबिट ईथरनेट मानकाने चार पातळ्यांचा पॅम-४ संकेत रूढ केला. त्यात शंभर गिगाबिटची एक वाहिनी ५३.१२५ गिगाबॉड गतीने चालते. लांब पल्ल्यासाठी प्रकाशाच्या आयामाबरोबर कलाही वापरणारे सुसंगत, म्हणजे कोहेरंट, संदेशवहन आले. २०२० च्या ४००-झेडआर करारात सुमारे ६० गिगाबॉड गतीचा, दोन ध्रुवणांवरील १६-क्वाम संकेत आहे. साठ गिगाबॉडला एका चिन्हाच्या वाट्याला सुमारे १६.७ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात तंतूतील प्रकाश जेमतेम साडेतीन मिलिमीटर पुढे सरकतो.

चार पातळ्यांचा संकेत किती नाजूक असतो, हे साध्या हिशेबाने कळते. समान अंतरावरील पातळ्यांना शून्य, एक, दोन, तीन म्हणू. ड्रायव्हर दमला आणि त्याने सर्वांत वरची पातळी दहा टक्के दाबली, तर ती तीनऐवजी २.७ वर येते. दोन पातळ्यांच्या संकेतात एवढ्याने डोळा दहा टक्के मिटला असता. येथे वरच्या डोळ्याची उंची एकऐवजी ०.७ उरते; म्हणजे तो तीस टक्के मिटतो. मुळात चार पातळ्या घेतल्यामुळेच प्रत्येक डोळा एक-तृतीयांश झालेला असतो, हा सुमारे ९.५ डेसिबलचा दंड आधीच भरलेला आहे. विकृतीसाठी शिल्लक फारशी नसते.

वेगाची मोजणी आणि रेषीयतेची मोजणी

ड्रायव्हरवरील शोधनिबंधात साधारणपणे दोन आलेख ठळकपणे दिलेले आढळतात. पहिला बँडविड्थचा. तो अत्यंत लहान संकेत देऊन, नेटवर्क अ‍ॅनलायझरवर मोजलेला असतो. साठ, सत्तर, नव्वद गिगाहर्ट्झपर्यंत लाभ कसा टिकतो ते त्यात दिसते. दुसरा एकूण हार्मोनिक विकृतीचा. तेथे संकेत पूर्ण आकाराचा असतो, मात्र त्याची वारंवारता बहुधा १ गिगाहर्ट्झच्या आसपासची. पहिल्या मोजणीत वेग आहे पण भार नाही. दुसरीत भार आहे पण वेग नाही. दोन्ही आकडे खरे असतात. खोटे असते ते त्यांच्यामधले ‘आणि’.

कचारगडच्या वाटेवरील पाण्याची, रस्त्याची किंवा दूरध्वनीची सोय पावसाळ्यातल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी पाहून माघ पौर्णिमेसाठी पुरेशी ठरवली, तर त्या परिसरातला कोणीही माणूस हसेल. अतिवेगवान इलेक्ट्रॉनिकीत मात्र असा निष्कर्ष सर्रास खपतो.

कमी वारंवारतेवर विकृती मोजण्यामागे केवळ सोय नाही, एक तांत्रिक अडचणही आहे. १ गिगाहर्ट्झच्या स्वराचा तिसरा हार्मोनिक ३ गिगाहर्ट्झवर पडतो आणि तो परिपथातून सहज बाहेर येतो. ३० गिगाहर्ट्झच्या स्वराचा तिसरा हार्मोनिक ९० गिगाहर्ट्झवर पडतो. त्याला परिपथाची मर्यादित बँडविड्थच गिळून टाकते. म्हणजे जास्त वारंवारतेवर हीच चाचणी केली, तर आकडा उलट अधिक चांगला येण्याचा संभव. ही पळवाट बंद करण्याचा उपाय जुना आणि सर्वज्ञात आहे : द्विस्वर चाचणी. ३० आणि ३१ गिगाहर्ट्झचे दोन स्वर एकत्र दिले, तर तिसऱ्या क्रमाची विकृती २९ आणि ३२ गिगाहर्ट्झवर, म्हणजे पट्ट्याच्या ऐन मध्यात, उघडी पडते. बिनतारी अभियांत्रिकीत प्रवर्धकाची ओळखच या चाचणीने होते. प्रकाशीय ड्रायव्हरच्या लेखनात मात्र ती अजून सक्तीची मानली जात नाही.

विकृती लपते कोठे

हा आक्षेप केवळ मोजमापाच्या शिस्तीचा असता, तर त्यावर इतके थांबण्याचे कारण नव्हते. परिपथाची रचनाच अशी आहे, की कमी वारंवारतेवर दिसलेली रेषीयता जास्त वारंवारतेवर ओसरावी.

बायपोलर ट्रान्झिस्टरच्या भेदयुग्माचा आलेख मुळात सरळ नसतो. आदान औष्णिक व्होल्टतेएवढे, म्हणजे जेमतेम २६ मिलिव्होल्ट आयामाचे झाले, तरी तिसरा हार्मोनिक दोन टक्क्यांच्या घरात जातो. उपाय म्हणून दोन्ही एमिटरमध्ये रोध घालतात. हा रोध स्थानिक ऋण पुनर्भरण देतो. प्रदान तेवढेच ठेवले, तर लाभ जितक्या पटीने घटतो तितक्याच पटीने तिसऱ्या क्रमाची विकृतीही घटते. लाभ पाचपट गमवा, विकृती पाचपट कमी करा. व्यवहार सरळ आहे.

यानंतर संशोधकाला बँडविड्थ हवी असते. त्यासाठी त्याच एमिटर-रोधाला समांतर लहान धारित्र जोडण्याची युक्ती प्रचलित आहे. वारंवारता वाढली की धारित्र रोधाला बगल देते, ओसरत चाललेला लाभ सावरला जातो आणि बँडविड्थचा आलेख देखणा होतो. परंतु बगल मिळाली ती त्याच रोधाला, ज्याने रेषीयता दिली होती. १ गिगाहर्ट्झवर एक टक्का विकृती दाखवणारे, पाचपट पुनर्भरण असलेले युग्म या एका कारणाने पट्ट्याच्या वरच्या टोकाशी पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे एकाच घटकाचे श्रेय दोनदा घेतले जाते : खालच्या वारंवारतेवर तो उपस्थित आहे म्हणून रेषीयतेसाठी, आणि वरच्या वारंवारतेवर तो अनुपस्थित आहे म्हणून वेगासाठी. ही युक्ती त्याज्य आहे असे नाही. तिची किंमत ज्या वारंवारतेवर चुकती होते, तेथे ती मोजली जात नाही, एवढाच मुद्दा आहे.

व्होल्टतेची बाजूही तितकीच कठोर आहे. ट्रान्झिस्टर जितका वेगवान, तितका तो व्होल्ट सोसण्यात दुबळा. या विरोधाची मर्यादा जॉन्सन यांनी १९६५ मध्ये मांडली. त्यांनी दिलेला आकडा नंतरच्या ट्रान्झिस्टरांनी ओलांडला, पण विरोध तसाच राहिला. ३०० गिगाहर्ट्झच्या वर जाणारे सिलिकॉन-जर्मेनियम ट्रान्झिस्टर तळ खुला असता दीड-पावणेदोन व्होल्टला कोसळतात. मॉड्युलेटर मात्र कित्येक व्होल्ट मागतो. मग ट्रान्झिस्टर एकावर एक रचावे लागतात, किंवा अनेक लहान टप्पे प्रेषणमार्गावर पसरून त्यांची बेरीज करावी लागते. ही दुसरी कल्पना निर्वात नळ्यांच्या काळातली : पर्सिव्हल यांचे एकस्व १९३६ चे, आणि गिंझ्टन, ह्यूलेट, जॅस्बर्ग व नो यांचा प्रसिद्ध निबंध १९४८ चा.

विजेचा हिशेब तर निबंधाच्या शेवटच्या तक्त्यात एका रकान्यापुरता उरतो. तो येथे मांडून पाहू. ५० ओहमच्या भारावर प्रत्येक बाजूला २ व्होल्टचा झोत द्यायचा, तर ४० मिलिअँपिअर धारा लागते. परावर्तन शोषण्यासाठी ड्रायव्हरच्या अंगचाही ५० ओहम जोडला, की परिणामी भार २५ ओहम होतो आणि धारा ८० मिलिअँपिअर. दोन पातळ्यांच्या परिपथात ही सारी धारा इकडून तिकडे वळवता येते. रेषीय परिपथात आलेखाच्या वाकड्या टोकांपासून दूर राहायचे असते. समजा, अर्धीच धारा वापरली, तर पुरवावे लागतात १६० मिलिअँपिअर. ४ व्होल्टच्या पुरवठ्यावर हे झाले ६४० मिलिवॅट, आणि कोहेरंट प्रेषकाच्या चार वाहिन्यांसाठी अडीच वॅटहून अधिक. पंधरा-वीस वॅटच्या सबंध मॉड्यूलमध्ये हा वाटा लहान नाही. अंगचा रोध काढून टाकणारी खुल्या कलेक्टरची रचना याच कारणाने पुढे आली. तीत विजेची बचत मोठी होते, पण मॉड्युलेटरकडून परतणाऱ्या लहरी शोषणारे कोणी उरत नाही. म्हणून दोन्ही चिप एकमेकींना जवळजवळ चिकटवून बसवाव्या लागतात. ड्रायव्हर स्वतंत्रपणे मोजून त्याची गुणवत्ता ठरवणे तेथे अर्थहीनच होते.

शेजाऱ्याचे दोष

ड्रायव्हर कितीही सरळ चालला, तरी त्याच्या पुढचा माख-झेंडर मॉड्युलेटर सरळ नसतो. शून्य-प्रकाश बिंदूवर ठेवलेल्या मॉड्युलेटरमध्ये प्रकाशाचे क्षेत्र व्होल्टतेच्या ज्या फलनाने बदलते ते साइन आहे. पूर्ण झोत वापरला, तर केवळ या साइनमुळे तिसरा हार्मोनिक मूळ स्वराच्या सुमारे १२ टक्के येतो. झोत निम्मा केला तर २.७ टक्के. मग ड्रायव्हरची विकृती १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आणण्यासाठी दुप्पट वीज खर्च करणारा निबंध नेमका कोणता प्रश्न सोडवतो? झोत निम्मा ठेवणाऱ्या प्रणालीत त्याचे उत्तर कदाचित मिळेल. पूर्ण झोताच्या प्रणालीत ते मिळणे कठीण. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी पातळ पटलाच्या लिथियम निओबेटचा २० मिलिमीटर लांबीचा मॉड्युलेटर १.४ व्होल्टच्या अर्धतरंग-व्होल्टतेवर चालवून दाखवला. अशा घटनांनी ड्रायव्हरचे काम जितके हलके होते, तितके ट्रान्झिस्टरच्या अनेक पिढ्यांनीही झाले नसेल.

या साऱ्या दोषांवर पांघरूण घातले ते अंकीय संकेतप्रक्रियेने. प्रेषकातील चिप संकेत आधीच उलटा वाकवते, ग्राहकातील चिप उरलेले वाकडेपण सरळ करते. पॅम-४ प्रेषकाची गुणवत्ता ठरवणारा टीडीईसीक्यू हा मानक आकडासुद्धा संदर्भ-समकारकातून संकेत गेल्यानंतरच काढला जातो. निबंधाच्या अखेरीस छापलेले स्वच्छ डोळे त्यामुळे ड्रायव्हरचे असतात की चिपच्या गणिताचे, हे वाचकाला सांगता येत नाही. समकारक बंद ठेवून घेतलेला आलेख सोबत दिला असेल, तरच ते शक्य होते. यात आणखी एक गोम आहे. पूर्वविकृती वरच्या वारंवारता मुद्दाम फुगवते. म्हणजे ज्या वारंवारतेवर एमिटर-रोधाला बगल मिळालेली असते, तेथेच ड्रायव्हरवर अधिक मोठा संकेत आदळतो.

२०२३ पासून हे पांघरूण सरकू लागले आहे. विदाकेंद्रांतील विजेची भूक वाढल्याने मॉड्यूलमधील संकेतप्रक्रिया चिपच काढून टाकण्याचा विचार बळावला, आणि अशा रेषीय जोडण्यांसाठी उद्योगसंस्थांचा सामायिक करार मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला. या रचनेत मॉड्यूलमध्ये उरतात ते ड्रायव्हर, मॉड्युलेटर आणि ग्राहकाचा प्रवर्धक. दूरच्या स्विचमधील चिप काही दुरुस्ती करते खरी, तथापि मॉड्यूलच्या आत विकृतीला आवरणारे कोणी नसते. १ गिगाहर्ट्झवरचा एक टक्का येथे कोणाच्याही कामाचा नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत

पदवी व पदव्युत्तर प्रकल्पांत या विषयाचे जे रूप दिसते, ते बहुतेक वेळा संगणकीय अनुकरणाचे. त्यात दोष नाही. नव्वद गिगाहर्ट्झचा नेटवर्क अ‍ॅनलायझर जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने घ्यावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. दोष आहे तो एसी विश्लेषणावर थांबण्यात. एसी विश्लेषण परिपथाला आधी सरळ मानते आणि मग त्याची बँडविड्थ सांगते. त्यातून रेषीयतेचा निष्कर्ष काढणे म्हणजे गृहीतकच सिद्ध करणे होय. जर्मनीच्या आयएचपी संस्थेने आपल्या १३० नॅनोमीटर सिलिकॉन-जर्मेनियम प्रक्रियेचा अभिकल्पसंच आता खुला केला आहे आणि तो विनामूल्य सिम्युलेटरवर चालतो. खऱ्या वेगाच्या ट्रान्झिस्टरवर पूर्ण झोताची द्विस्वर चाचणी घेण्यास एक साधा संगणक पुरतो.

त्याआधी हीच गोष्ट हाताने अनुभवता येते, कारण वर वर्णिलेला लपंडाव गिगाहर्ट्झची वाट पाहत नाही. बीसी ५४७ जातीच्या दोन ट्रान्झिस्टरांचे भेदयुग्म घ्यावे. खालची एकूण धारा २ मिलिअँपिअर, प्रत्येक एमिटरमध्ये १०० ओहम, प्रत्येक कलेक्टरवर १ किलोओहम. प्रत्येकी १ मिलिअँपिअरला ट्रान्झिस्टरचा अंगचा एमिटर-रोध सुमारे २६ ओहम असतो. म्हणून पुनर्भरण पाचपटीच्या जवळ येते. प्रत्येक १०० ओहमला समांतर ०.१५ मायक्रोफॅरड जोडले, की सुमारे १० किलोहर्ट्झपासून बगल सुरू होते आणि ५० किलोहर्ट्झच्या पुढे ती जवळजवळ पूर्ण होते. आधी १ आणि १.१ किलोहर्ट्झचे दोन स्वर द्यावेत, नंतर ३०० आणि ३१० किलोहर्ट्झचे. पहिल्या वेळी ०.९ आणि १.२ किलोहर्ट्झवर, दुसऱ्या वेळी २९० आणि ३२० किलोहर्ट्झवर उगवणाऱ्या रेषा अंकीय ऑसिलोस्कोपच्या वर्णपटात पाहाव्यात. अनेक झोतांची सरासरी घेतली तर त्या नॉइजमधून स्पष्ट वर येतात. गणितानुसार दुसऱ्या वेळच्या रेषा चार-पाच पटींनी उंच निघायला हव्यात. मात्र दोन्ही वेळी कलेक्टरवरील प्रत्येक स्वराचा आयाम सारखा, ०.४ व्होल्टच्या आसपास, ठेवणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या वेळी आदान बरेच कमी करावे लागते. विद्यार्थी हे विसरतात आणि आदान तेच ठेवतात. मग युग्म दोन्ही टोकांना छाटू लागते आणि दिसणारी विकृती बगलेची की छाटणीची, हे ओळखता येत नाही.